मासिकांची नाडी बघणारे वानखडे काका

नवं मासिक हातात आलं की वानखडे काका ते लगेच वाचत नाहीत. आधी मधली पिन नखानं तपासतात, मग शेवटच्या पानापासून उलटे अनुक्रमणिकेपर्यंत येतात आणि त्याचं आयुष्य सांगतात. "तीन अंक. चौथा ऑनलाइन."

ऑनलाइन म्हणजे त्यांच्या भाषेत आयसीयू.

काका मूळचे अकोल्याचे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीवर चंदीगडला आले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. काकू गेल्यापासून आमच्या खालच्या मजल्यावर ते एकटेच. सोबतीला कपाटभर बंद पडलेली मासिकं.

दीड वर्षापूर्वी इथल्या आम्हा मराठी लोकांनी त्रैमासिक काढलं. संपादक मी. बैठकीत मी काहीच बोलले नाही, तोच होकार धरला गेला. पहिला अंक काकांना भीत भीत दिला.

"अकरा कविता," ते म्हणाले. "अकराही ओळखीच्यांच्या. पोरी, मासिक 'हो' म्हणून म्हणून मरते. दोन अंक, पक्का."

आठवड्याभरात त्यांचीच कविता आली. 'सहचारिणी'. सोळा कडवी, चंद्र, कमळं, चातक.

"छापून टाक यार," आमचे अध्यक्ष जोशी सर म्हणाले. "काका आहेत आपले."

मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. कागदावर येतं. इंग्रजीत ते दोन ओळींत झालं असतं, मराठीत दीड पान लागलं. लिहिलं, पंधरा कडव्यांतली बायको कुणाचीही असू शकते. सातव्यात मात्र काकू भेटतात, स्कूटरवर मागे बसून प्रत्येक गोल चौकात तुमचा शर्ट धरणाऱ्या. तेवढंच छापू का? पाकीट त्यांच्या दाराखालून सरकवलं आणि पुढचे चार दिवस जिन्यात त्यांचा खोकला ऐकू आला की घरातच थांबले.

रविवारच्या बैठकीला काका आले. खिशातून माझं पत्र काढलं आणि सगळ्यांसमोर पूर्ण वाचलं. मी चहाच्या कपात बघत होते.

"ही कविता नऊ मासिकांना पाठवली," ते म्हणाले. "नऊही जणांनी छापली, काका आहेत म्हणून. नऊही मासिकं मेली. हे पहिलं, जे 'नाही' म्हणून राहिलं. लिहून घ्या, हे जगन."

टाळ्या झाल्या. "मी तर तिला आधीच सांगितलं होतं," जोशी सर म्हणाले.

सहावा अंक आता छपाईला गेलाय, म्हणून हे लिहायचं धाडस.

त्या दिवशी बैठकीहून आम्ही सोबतच घरी आलो. त्यांच्या दाराशी मी विचारलं, "काका, परीक्षा घ्यायची म्हणून मुद्दाम वाईट लिहिली होती ना?"

ते किल्ली शोधत राहिले.

"मुद्दाम कोण लिहिते वाईट," म्हणाले. मग कुलूप उघडता उघडता, "नऊ जणांनी छापली. एकानंही विचारलं नाही, शर्ट खरंच धरायची का म्हणून."

"धरायच्या?"

"घट्ट. एकदा तर बटन तुटलं. ते नाही लिहिलं मी."

"लिहा ना."

"वाईट झालं तर?"

"परत पाठवीन."

काका हसले. "पाठवजो," म्हणाले. "पण दीड पान लिहून पाठवजो."