फोटोत नवरा दाखवा

“पुराव्याचं मला काय सांगता साहेब? आमच्या लग्नाचा पुरावा ट्रक भरून आणून ओततो तुमच्या दारात,” फोकस वकिलातीतल्या साहेबांना फोनवर म्हणाला आणि फोन ठेवून त्यानं पुढची बॅग भरायला घेतली.

फोकस म्हणजे लग्नाचे फोटो काढणारा माणूस. परदेशात येऊन इतरांची लग्नं टिपता टिपता त्यानं तिथल्याच एका मुलीशी स्वतःचंही उरकून घेतलं होतं. आता दोघांना कायमचं त्याच्या देशात, त्याच्या आईकडे राहायला जायचं होतं. त्याला कोण अडवणार? पण बायको तिकडे परकी. नवऱ्यानं तिच्यासाठी अर्ज करायचा, लग्न खरं आहे हे वकिलातीला पटवून द्यायचं, मग तिला परवाना, असा नियम होता. फोकसला हे इतकं सोपं वाटलं की अर्ज भरायच्या आधीच त्यानं घरमालकाला घर सोडतो म्हणून कळवलं, तिकिटं काढली आणि बायकोला नोकरीचा राजीनामा द्यायला लावला.

“अहो, आधी परवाना हातात येऊ द्या की,” बायको म्हणाली होती. ती मराठी सासूकडून शिकली होती, रोज फोनवरून. त्यामुळे तिनं तोंड उघडलं की तिशीतल्या बाईतून साठीची बाई बोलायची.

“अगं, दोघांचे एकत्र फोटो मागतात फक्त. आपल्याकडे फोटोंना काय तोटा?”

तोटा नव्हताच. तो निवडायला बसला. बायको पुलावर. बायको जिन्यात. बायको शिंकताना. लग्नाच्या दिवशी नोंदणी कार्यालयात बायको कुणाकडे तरी बघून एकटीच लाजतेय. रजिस्टरवर सही करतानाच्या फोटोत एक पुरुषी हात तेवढा होता. फोकसनं उजव्या हातानं सही करता करता डाव्या हातानं तो फोटो काढला होता.

“दुसरा फोटोग्राफर बोलवू या, म्हणत होते मी,” बायको म्हणाली.

“कुणालाही कसं काढू देणार माझं लग्न? चेहरे पांढरेफटक करून ठेवले असते त्यानं.”

“तुम्ही तर नवराच गायब करून ठेवलात.”

तरी फोकस हरला नाही. निवडक फोटो घेऊन तो बायकोसह वकिलातीत गेला. साहेब सभ्य होते. त्यांनी प्रत्येक फोटो नीट पाहिला.

“बाई छान आल्यात. नवरा कुठाय?”

“हा काय.” फोकसनं एका फोटोतल्या बायकोच्या गॉगलवर बोट ठेवलं. डाव्या काचेत, मुगाच्या दाण्याएवढा, तो उभा होता.

“हा कुणीही असू शकतो.”

“मग ही सावली बघा.”

“सावलीनं अर्ज केला असता तर चाललं असतं.”

“निदान हात तरी ओळखा, साहेब.” फोकसनं आपला हात सहीच्या फोटोशेजारी धरला.

साहेबांनी दोन्ही हात पाहिले. “चेहरा आणा. दोघं एका फोटोत. नाहीतर तुम्ही निघा आणि यांना राहू द्या इथंच.”

हे ऐकून फोकसला पहिल्यांदा घाम फुटला. घरी येऊन त्यानं जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. तो लग्नात फोटो काढायचा तेव्हा बायको शेजारी दिव्याची पांढरी छत्री धरून उभी राहायची. पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये दोघं कुठंतरी आलेच असणार. पहिल्याच गिऱ्हाइकानं सांगितलं, “ते लग्न मोडलं. फोटो तिच्याकडे गेले. मागायला गेलास तर माझा टीव्हीही माग.”

बाकीच्यांनी मात्र पाठवले. फोकस सगळीकडे होता. गुडघ्यावर, खुर्चीवर, एकदा तर केकच्या टेबलाखाली. आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या शेजारी बायकोही होती.

“हे तुम्ही,” दुसऱ्या खेपेला साहेब म्हणाले. “आणि ही छत्री.”

“छत्रीमागं बायको आहे.”

“कशावरून?”

“बूट बघा खाली. तेच आज घातलेत.”

बायकोनं पाय पुढे केला. साहेबांनी टेबलावरून वाकून बूट पाहिले आणि बुटांबद्दल आपली काहीच तक्रार नाही असं सांगितलं. “आता नवीनच काढून आणा. फक्त तुम्ही काढू नका.”

मग सासऱ्यांना बोलावलं. सासरे नळदुरुस्ती करायचे. कामावरून थेट, हत्यारांच्या पेटीसकट आले. फोकसनं त्यांना उजेड, अंतर, कोन असं बरंच समजावलं. बायकोनं ते सगळं तिच्या भाषेत वडिलांना सांगितलं. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून एवढंच विचारलं, “बटण कुठलं?”

त्यांनी बटण दाबलं की फोकसला राहवायचं नाही. “थांबा, हात हलला,” म्हणत तो झेपावायचा. त्यामुळे अर्ध्या फोटोंत बायको स्थिर आणि तो तोंड उघडून, हात पसरून निघालेला. उरलेल्या फोटोंत दोघं धूसर होते आणि मागचा पाइप मात्र पेचासकट लख्ख आला होता. सासरे बेहद्द खूश झाले.

“जॉइंट गळतोय,” ते फोटो न्याहाळत म्हणाले, आणि पाना काढून उठलेच.

जॉइंट तोवर गळत नव्हता. पाणी पहिल्यांदा भिंतीवर, मग गालिच्यावर आणि मग ओळीनं मांडलेल्या उघड्या बॅगांमध्ये गेलं. दुसऱ्या दिवशी फोकस वकिलातीत गेला तो सासऱ्यांचा निळा डगला घालून. पाठीवर मोठ्या अक्षरांत त्यांचा फोन नंबर होता.

साहेबांनी नवे फोटो पाहिले. “यात तुम्ही यांच्यापासून पळताय.”

“कॅमेऱ्याकडे पळतोय साहेब. आणि इथं तुमच्या खिडकीचा उजेड चुकीचा पडतोय, म्हणून तुम्हाला नीट दिसत नाहीये. तो पडदा जरा...”

“बसा गप एका जागी,” बायको म्हणाली. आवाज थेट सासूबाईंचा होता. “चार माणसांत शोभा करून घ्यायची हौसच भारी. घर सोडलंत. माझी नोकरी घालवलीत. कपडे भिजवलेत, माझ्या बापाचा डगला घालून आलात, आणि आता यांना पडदे शिकवा. आई म्हणाल्याच होत्या, लहानपणापासून हा असाच. मीच मेली भुलले.”

फोकस बसला. साहेबही जरा सावरून बसले.

“पैसे देऊन केलेल्या खोट्या बायकोकडून कुणी असं ऐकून घेणार नाही,” ते म्हणाले. “लग्न खरं आहे. रेकॉर्डला एक फोटो लागतो दोघांचा, तो इथंच काढू आणि मोकळे होऊ.”

कोपऱ्यात कॅमेरा होता, समोर दोन खुर्च्या होत्या. कारकुनानं दोघांना बसवलं. फोकसनं कारकुनाचा हात पाहिला, मग कॅमेऱ्याची उंची पाहिली, आणि उठला.

“एकच मिनिट. साहेब, माझ्या जागी बसता का जरा? उजेड बघतो.”

साहेब बसले.

“थोडं जवळ सरका. अनोळखी बाईशेजारी बसल्यासारखे बसू नका. हां, आता हसा.”

साहेब हसले. बायकोही बऱ्याच दिवसांनी हसली. फोकसनं बटण दाबलं, समाधानानं मान हलवली आणि सवयीनं सगळ्यांचे आभार मानून तो बायकोला घेऊन बाहेर पडला.

परवाना वेळेत, बंद पाकिटात आला. पाकीट उघडू नये अशी सूचना होती, ती दोघांनी पाळली. उतरल्यावर विमानतळावर कागद तपासणाऱ्या बाईंनी ते फोडलं. परवान्यावरचा फोटो सुरेख आला होता. बाईंनी बायकोला पुढे जाऊ दिलं आणि फोकसला, फोटोतला नवरा कुठं आहे हे सांगेपर्यंत, एका बाकावर बसवून ठेवलं. आई बाहेर उभीच होती. ती सुनेला घेऊन घरी गेली.