पुणे रोडची शिफारस

"रुद्राणी, मी कार्यकारी संचालक होणार!"

डॉ. गुरुशांत बिराजदारांनी कडक भाकरीचा तुकडा मोडत अशा थाटात जाहीर केलं, की जणू सही-शिक्क्याचं पत्र त्यांच्या खिशातच होतं!

"कशाचे?" रुद्राणीबाईंनी शेंगाचटणीवर दही घालत विचारलं.

"सरकारी दवाखाने चालवायला राज्यात नवं मंडळ काढलंय. त्याचा कार्यकारी संचालक! जाहिरात आलीय."

"अर्ज भरलात?"

"अर्ज काय, भरायचा असतो म्हणून भरायचा! मला नाही घेणार, तर कुणाला घेतील?"

मोहोळच्या पुढं एका गावातल्या तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टरसाहेब अधीक्षक होते. सोलापुरातून रोज जाऊन-येऊन बावीस वर्षं झाली होती. एका जनरेटरच्या दुरुस्तीसाठी त्यांनी अकरा पत्रं लिहिली होती, आणि अकराही वेळा उत्तर आलं होतं, 'आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी वर पाठवले आहे.' हे 'वर' म्हणजे नेमकं कुठं, ते त्यांना एकदा जाऊन बघायचं होतं. जमलंच तर तिथं बसायचंही होतं! निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. आता नाही तर कधीच नाही.

अर्ज निघाला चौदा पानांचा, तोही ऑनलाइन. शेवटच्या पानावर, तुम्हाला ओळखणाऱ्या जाणकार व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर द्या, असं होतं. डॉक्टरांनी लगेच त्यांच्या जुन्या साहेबांना, म्हणजे पुण्यात स्थायिक झालेले निवृत्त सहसंचालक डॉ. सिद्धनाथ गायकवाड यांना फोन लावला. साहेब म्हणाले, "बिनधास्त दे रे माझं नाव! असं बोलतो, की ऑर्डर तिथंच टाइप करतील."

मग डॉक्टरांनी फोनमधला नंबर बघून अर्जात भरला. आणि इथंच घोटाळा झाला!

साहेबांचा नंबर त्यांच्या फोनमध्ये 'सिद्धनाथ पुणे' या नावानं होता. त्याच्या खालीच होता 'सिद्धनाथ पुणे रोड'. हा सिद्धनाथ मेंढपाळ. उन्हाळ्यात त्याचा कळप पुणे रोडच्या कडेच्या रानात बसायचा. मागच्या वर्षी त्याच्या बायकोला, केराबाईला, साप चावला तेव्हा डॉक्टरांनी तिला वाचवलं होतं. त्यानं एक घोंगडं आणून देतो म्हणून नंबर दिला होता. पडद्यावर दोन्ही नावं सारखीच दिसत होती, कारण 'रोड' कडेला कापला गेला होता. डॉक्टरांनी रुबाबात खालचा नंबर भरला, बटण दाबलं आणि चहा मागवला.

महिन्याभरानं मुलाखतीचं बोलावणं आलं. तीही ऑनलाइन! ऐन मे महिना, सोलापूर तव्यासारखं तापलेलं, आणि डॉक्टर घरात कोट घालून बसलेले. पंख्याचा आवाज माइकमध्ये जातो म्हणून पंखाही बंद! दहा मिनिटांत ते आतून उकडलेल्या बटाट्यासारखे झाले.

पडद्यावर तिघं होते. मधल्या बाई अध्यक्ष. दवाखान्यांबद्दलचे चार प्रश्न झाले. डॉक्टरांनी चारही सीमेपार टोलवले. मग बाईंनी एक कागद पुढं ओढला.

"तुम्ही दिलेल्या गृहस्थांशी आम्ही बोललो. सिद्धनाथजी. फार मोकळेपणानं बोलले."

"बोलणारच! माझे गुरूच आहेत ते!" डॉक्टर खुलले.

"ते म्हणाले, तुम्ही फार ओरडता."

डॉक्टरांचं हसू जागच्या जागी थिजलं. "साहेब असं म्हणाले?"

"पेशंटच्या नातेवाइकांना हाकलून देता, असंही म्हणाले."

"मॅडम, ते... वॉर्डात गर्दी झाली की..."

उजवीकडचे चष्मेवाले सदस्य म्हणाले, "या वयात गृहस्थांचा कामाचा आवाका मात्र दांडगा आहे. म्हणाले, दोनशे चाळीस सांभाळतोय, वर रोजची फिरती. काही संस्था चालवतात का?"

"संस्था?" डॉक्टर गोंधळले. "माझ्या माहितीप्रमाणे ते घरी कुंड्यांना पाणी घालतात."

"छे, मागं केवढा गोंगाट होता! मीटिंगमध्येच असावेत. सगळे एकदम बोलत होते."

बाईंनी पान उलटलं. "आणि एक गंभीर गोष्ट. त्यांच्या एका लहानग्याला तुम्ही केसपेपर न काढता व्हरांड्यातच सलाइन दिलंत म्हणे?"

"कधीच नाही! केसपेपरशिवाय मी स्वतःची नाडीसुद्धा बघत नाही! आणि त्यांचा नातू अमेरिकेत असतो!"

"ते म्हणाले, सलाइन संपल्यावर तो उठून उड्या मारत गेला."

आता डॉक्टरांचं टाळकं सटकलं. आपल्याच साहेबांनी केसानं गळा कापला! "मॅडम, स्पष्ट बोलतो. साहेबांचं वय झालंय. आणि माझ्या ओरडण्याबद्दल त्यांनी बोलूच नये. जनरेटरसाठी मी अकरा पत्रं लिहिली, त्यातली सात त्यांच्याच टेबलावर झोपली होती! मी ओरडतो ते खालच्यांवर नाही, वरच्यांवर! वर कुणाला ऐकूच जात नाही, त्याला मी काय करू?"

तिकडं तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. आपण 'वरच्यांशीच' बोलतोय, हे डॉक्टरांच्या तेव्हा लक्षात आलं. चष्मेवाल्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि मुलाखत संपली.

डॉक्टरांनी कोट भिरकावला, पंखा पाचवर केला आणि पुण्याला फोन लावला.

"साहेब, असं का बोललात हो माझ्याबद्दल?"

"कुणाला? अरे, मला फोनच आला नाही कुणाचा! मी महिनाभर वाट बघतोय. दोनदा तर आंघोळीला फोन घेऊन गेलो!"

डॉक्टरांनी अर्जाची प्रत काढली. एकेक आकडा बोटानं ताडून बघितला आणि खुर्चीत मटकन बसले.

"अय्यो! काय झालं?" रुद्राणीबाई धावत आल्या.

उत्तर न देता डॉक्टरांनी दुसरा सिद्धनाथ गाठला. पलीकडून आधी "बँऽऽ" आणि मग माणूस बोलला.

"राम राम डाक्टरसायेब! आवं, मुंबईच्या बाईचा फोन आलता की!"

"काय सांगितलंस त्यांना?"

"जे खरं हाय त्ये. म्हनलं, डाक्टर लई वरडतो. माज्या केराबाईला पान लागलं तवा समद्या पावण्यांस्नी भाईर हाकाललं, आन् स्वता सात तास तिच्या उशाला बसला. पानीबी प्याला न्हाय."

डॉक्टरांनी अर्जाची प्रत टेबलावर ठेवली. "आणि ते लहानगं कोण?"

"कोकरू वं! तुमच्या दारात आडवं पडलं हुतं की उनानं! इसरला व्हय?"

डॉक्टर विसरले नव्हते. फक्त त्याचा केसपेपर काढायचा असतो, हे त्यांना सुचलं नव्हतं.

"मग बाई म्हनल्या, त्यास्नी मोठ्या जागेवर न्यायाचं हाय," सिद्धनाथ सांगत होता. "मी घाबरलोच! म्हनलं, बाई, हात जोडतो, पर हितनं न्हिऊ नका त्यास्नी! मुंबईत डाक्टर पैशाला पासरी. हितं येकच हाय. ग्येला तर आमी कुटं जायाचं? बराबर बोल्लो का न्हाय?"

ओरडायची हीच वेळ होती. पण डॉक्टर ओरडले नाहीत.

"बरोबर बोललास," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी मंडळाचं पत्र आलं. डॉक्टरांनी ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग बायकोच्या हातात दिलं. रुद्राणीबाईंनी मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'आपल्या सेवेविषयी मिळालेला अभिप्राय या निवडप्रक्रियेतील सर्वोत्तम होता. आपली सध्याच्या ठिकाणची अत्यंत गरज लक्षात घेता, आपणास तेथून हलवणे जनहिताचे ठरणार नाही, असे समितीचे एकमत झाले आहे.'" त्यांनी चष्म्यावरून नवऱ्याकडं पाहिलं. "अहो, बावीस वर्षांत तुमच्याबद्दल इतकं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं!"

"हो ना," डॉक्टर पायात चपला सरकवत म्हणाले. मोहोळच्या बसची वेळ झाली होती. "नापास झालो खरा, पण पहिल्या नंबरानं!"