न ऐकिल्या आवाजाची बखर

श्री. आरंभी बुद्धिदात्यास नमन, मग जी कधी कंठी वसते आणि कधी बोटांचे अग्री वसते त्या वाग्देवतेस नमन करून वर्तमान लिहिले ऐसे जे, शके १९४३, प्लवनाम संवत्सरे, माघमासी एक निनावी राज्य उत्पन्न जाहले. त्याचे मूळ ऐसे की, कोणी एका गृहस्थास घरची जुनी शिलाई मशीन विकणे होती, आणि त्यांनी मोबाईलवर ग्रुप करून आपलेपाशी होते नव्हते तितके नंबर त्यात ओढिले, ओळखीचे कोण, चुकून लिहिलेले कोण, काही पाहिले नाही. मग तिसरे दिवशी मशीन विकली गेली आणि राज्यसंस्थापक कोणास न सांगता निघोन गेले, आणि त्यांचे मागे बहुतेक प्रजाही निघोन गेली. राहिली माणसे चार. त्यांस कोणी रहा म्हटले नव्हते आणि जा ऐसेही म्हटले नव्हते, म्हणोन राहिली. ग्रुपचे नाव ‘शिलाई मशीन विकणे आहे’ ऐसे होते तेच कायम जाहले.

त्या चौघांत वडील त्या शरयूबाई धोपावकर, राहणार चिपळूण. यांणी टेलिफोन एक्स्चेंजात एकतीस वर्षे ऑपरेटरची चाकरी केली होती. लोकांचे ट्रंककॉल जोडून देता देता बाईंचा कान ऐसा तयार जाहला की, पलीकडील माणसाने नुसते ‘हॅलो’ म्हटले तरी हा उपाशी आहे की जेवला आहे, भांडून आला आहे की रडून आला आहे, हे त्यांस उमजे. लग्न केले नाही. घरी वडील बहीण अक्का, वय ब्याऐंशी, कानांनी पूर्ण बंद. म्हणोन आयुष्यभर आवाजांचे गजबजाटात बसलेल्या बाई निवृत्त जाहल्या त्या मुक्या घरी येऊन बसल्या. अक्कांस काही सांगणे तर पाटीवर लिहावे, आणि अक्कांनी वाचून मान हलवावी, इतकाच संवाद. दुसरी रुक्साना मुजावर, परभणीस ब्लाउज शिवीत असे, ती मशीन घेण्याचे हेतूने आली होती आणि मशीन हुकली तरी राहिली. तिसरे प्रफुल्ल मेश्राम, तुमसर डेपोचे कंडक्टर. आणि चौथे तातोबा मगदूम, गडहिंग्लज तालुक्यात यांचे गुऱ्हाळ. या चौघांनी एकमेकांस कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते.

परंतु दिवस ऐसा उगवत नसे की, एकाचे घरचे सुखदुःख तिघांचे घरी पोहोचले नाही. रुक्सानाने लिहावे, आज नवरीचा ब्लाउज बाहीत चुकला, सगळा उसवला, आणि प्रफुल्लांनी लिहावे, आज घाटात टायर बसले जी, चाळीस पॅसेंजर माझ्या नावाने बोटे मोडतात. रुक्सानाची लेक बारावीस उत्तम गुणांनी पास जाहली तेव्हां तिघांनी आपापले गावी पेढे आणोन आपणच खाल्ले. प्रफुल्लांचे वडील वारले तेव्हां तेरा दिवस कोणी ग्रुपवर थट्टा केली नाही. आणि तातोबा तर लिहिण्यात मोठे पट्टीचे. रस कसा उतू आला, काकवी कशी तारेवर आली, ऐसे लिहीत की वाचणाराचे जिभेस गोड लागावे. बाकी तिघे कधी कंटाळा आला की बोलूनच व्हॉइस मेसेज पाठवीत. तातोबा मात्र लिहीतच. शरयूबाईंनी रुक्सानाचा आवाज ऐकिला होता, तो पातळ आणि घाईचा, प्रफुल्लांचा ऐकिला होता, तो मोटारीत बसल्यासारखा हलणारा. तातोबांचा ऐकिला नव्हता. प्रथम याचे काही वाटले नाही. लोकांच्या सवयी असतात.

मग शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, भाद्रपदमासी अक्का न्हाणीघरी पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया जाहली, प्लेट बसली, घरी आल्या. आणि डॉक्टरांनी सांगितले की, आता चालविले नाही तर पुन्हा कधी चालणार नाहीत. परंतु अक्का वॉकरास हात लावीनात. शरयूबाई पाटीवर लिहीत, एक पाऊल तरी टाक, आणि अक्कांनी पाटी उलटी ठेवावी. ऐसे चार दिवस गेले. पाचवे दिवशी बाई हताश होऊन ग्रुपवर लिहित्या जाहल्या की, मी हरले. तेव्हां तातोबांनी लिहिले, “ताई, उद्या सकाळी दहाला मोबाईल अक्कांच्या समोर धरा. चष्मा लावा त्यांना.” दुसरे दिवशी दहा वाजता बाईंनी तैसेच केले, आणि पडद्यावर अक्षरे येऊ लागली ती ऐशी: “नमस्कार क्रीडारसिकहो. चिपळूण संघाच्या अक्काबाई चढाईला सज्ज. वय ब्याऐंशी, अनुभव दांडगा. समोर स्वयंपाकघराचा उंबरा, ती आजची निदानरेषा, ओलांडली की चढाई पुरी. दोन्ही हात वॉकरवर. प्रेक्षक श्वास रोखून आहेत.” अक्का वाचून प्रथम चकित जाहल्या आणि मग कित्येक दिवसांनी हसल्या, आणि उठल्या. बाई इकडून लिहीत, एक पाऊल टाकले, आणि तातोबा तिकडून लिहीत, “एक पाऊल! बचाव फळी गोंधळली. डावा कोपरा रिकामा आहे, अक्काबाईंच्या ध्यानात आले आहे.” ऐसा सामना रोज सकाळी चालला. कोजागिरीचे सुमारास अक्का उंबरा ओलांडून गेल्या आणि आपले हाते चहाचे आधण ठेविले.

त्या दिवसापासून शरयूबाईंचे कानी एक रिकामी जागा जाहली. हे शब्द इतके बोलके की, कागदी म्हणावे ऐसे नव्हते. यांमागे कोणाचा तरी गळा होता. बाई भाजी निवडीत बसल्या की तो गळा कैसा असेल म्हणोन मन तेथेच जाई. शेवटी न राहवून त्यांनी विचारिले, “तातोबा, एकदा आवाज ऐकवा ना. नुसते हॅलो म्हटलेत तरी पुरे.”

तातोबांनी उत्तर लिहिले, “ताई, असता तर तुम्हाला आधी ऐकवला असता. सहा वर्षांमागं घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजाची पेटीच काढली. गळ्याला भोक आहे, तिथून श्वास घेतो. त्याआधी आमच्या तालुक्यात कबड्डीचा सामना माझ्या समालोचनाशिवाय होत नव्हता. लपवलं नाही, कुणी विचारलं नव्हतं एवढंच.”

 रुक्सानाने इतकेच लिहिले, “तातोबा, चहा घेतलात का?” आणि तातोबांनी लिहिले, घेतला. मग राज्यात पुन्हा रोजचे बोलणे सुरू जाहले.

परंतु शरयूबाईंची हुरहूर सरली नाही, उलट वाढली. होता आणि गेला, हे कळल्यावर तो अधिकच हवासा जाहला. म्हणोन बाईंनी कोणास न कळविता प्रफुल्लांस फोन केला आणि म्हणाल्या, “तुमच्या खात्याची माणसं गावोगाव जातात. कुणाकडे जुन्या सामन्याची कॅसेट असेल का, बघाल का?” प्रफुल्ल म्हणाले, “पाहतो जी ताई. आमच्या डेपोत एक जण गडहिंग्लजहून बदलून आला आहे.” त्या बदलून आलेल्याने आपले जुने डेपोत सांगितले, तेथून एका चालकाने वाटेवरील गावच्या कबड्डी मंडळाचे माजी अध्यक्षांस गाठिले, आणि त्यांचे माळ्यावर खोक्यात कॅसेट सापडली. वर लिहिले होते, अंतिम सामना, समालोचक ता. मगदूम. बाजारपेठेतील स्पीकरवाल्याने ती मोबाईलवर उतरवून दिली. ऐसा तो आवाज एसटीचे हातोहाती तुमसरास पोहोचला आणि पौषमासी, एके दुपारी, चिपळुणी शरयूबाईंचे मोबाईलात येऊन बसला. सात मिनिटे आणि काही सेकंद.

बाईंनी ऐकिला नाही. बोट नेले आणि मागे घेतले. म्हणाल्या, ज्याचा आहे त्याने आधी ऐकावा. म्हणोन तो तातोबांस एकट्यास पाठविला आणि खाली लिहिले, “तुमची वस्तू तुम्हाला. रागावू नका.”

तातोबांकडे तो पोहोचला ऐशी खूण आली, परंतु उत्तर आले नाही. दुसरे दिवशी नाही, तिसरे दिवशी नाही. ग्रुपवर रुक्साना विचारी, तातोबा कुठे गेले, आणि शरयूबाईंस अन्न गोड लागेना. आपण काय केले हे त्यांस हळूहळू कळो लागले. एक्स्चेंजात इतकी वर्षे बसून कोणाचे बोलण्यात कान घातला नाही, आणि म्हातारपणी एका माणसाचे बंद दार ठोठावले. अक्कांनी पाटीवर लिहिले, ‘तो समालोचनवाला आजारी आहे का?’ बाईंनी लिहिले, ‘ठाऊक नाही.’ ऐसे नऊ दिवस गेले.

दहावे दिवशी सकाळी मोबाईलवर लांब पत्र आले. तातोबांनी लिहिले होते, “ताई, रागावलो नाही. पहिलं वाक्य ऐकलं आणि बंद केलं. माझी बायको सगुणा स्वयंपाकघरात होती, ती पोळपाट टाकून बाहेर आली आणि माझ्याकडं बघायला लागली. तिला वाटलं मी बोललो. नऊ दिवस घरात ते निस्तरत होतो. आता बरं आहे. ती म्हणते ठेवू या, पण सध्या नको. ताई, एक मागतो. तुम्ही ऐकू नका. गावात भेटेल तो माझ्या तोंडाकडं बघून हळहळतो, कारण त्यानं आधीचा तातोबा ऐकलाय. तुम्ही तिघांनी ऐकला नाही. तुमच्यात मी जसा आलो तसा पुरा आहे. तुमच्यात माझं काही गेलेलं नाही. तेवढी एक जागा मला राहू द्या.”

शरयूबाईंनी पत्र दोनदा वाचिले. मग मोबाईल पुढे घेऊन ती सात मिनिटे काढिली, खरोखर पुसायचे का ऐसे मोबाईलाने विचारिले तेथे हो म्हटले, आणि आवाज गेला. तातोबांस लिहिले, “ऐकला नाही. पुसला.” तातोबांनी दोन हात जोडिल्याची खूण पाठविली.

मग बाईंनी प्रफुल्लांस फोन लाविला आणि सर्व सांगून म्हणाल्या, “तुमच्याकडचा पण पुसा.”

“पुसतो जी,” प्रफुल्ल म्हणाले, “ताई, खोटं नाही बोलत. मी थोडासा ऐकला होता. डेपोत लावून पाहिला, बरोबर उतरला की नाही म्हणून.”

बाई म्हणाल्या, “कसा,” आणि पुढे बोलल्या नाहीत.  लाईन चालू होती. मागे त्यांचे डेपोत कोणी गाड्यांची नावे पुकारीत होते. मग बाई म्हणाल्या, “नको. सांगू नका.” आणि फोन ठेविला. अक्कांस दुपारचा चहा देणे होता, तो देण्यास उठल्या.

येणेप्रमाणे त्या राज्याचे वर्तमान. चौघे सुखरूप आहेत, रोज लिहितात, आणि तातोबांचे गुऱ्हाळ यंदाही उत्तम चालले. शरयूबाई कधी एकट्या बसल्या असता मनातल्या मनात तातोबांचे लिहिणे मोठ्याने वाचितात, कधी जाड आवाजात, कधी खणखणीत, कधी थोड्या बसलेल्या. एकही बसत नाही. दुसरे दिवशी दुसरा लावून पाहतात.