आशीर्वादाची दहशत

आमचे शेजारी दगडूमामा कुणाला आशीर्वाद देऊ लागले की समोरचा माणूस भांडायला उठतो. परवा सोनपेठच्या स्टँडवर एसटी त्यांच्या अंगावर चिखल उडवून गेली. मामा मागनं ओरडले, "देव तुझं लय भलं करो रे!" ड्रायव्हरनं गाडी थांबवली, खाली उतरला आणि म्हणाला, "कुणाला म्हणतो बे?" मामांचे शब्द बदललेत, पण आवाज जुन्या शिव्यांचाच आहे, त्याला तो बिचारा ड्रायव्हर काय करणार.

जुन्या शिव्या कसल्या ते विचारू नका. मामांनी तोंड उघडलं की गल्लीतल्या बाया लेकरांना घरात ओढायच्या. त्याच तोंडानं नातवाच्या बारशाला, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून, त्यांनी आपल्या एकुलत्या लेकीला, रत्नाला, भर पंगतीत नको ते म्हटलं. व्याही समोर जेवत होते. तिनं लेकरू उचललं आणि सासरी पालमला गेली, ती परत आली नाही. मामी तर आधीच वारलेल्या.

मग एकदा सोनपेठच्या बाजारात पत्र्याच्या शेडमध्ये ख्रिस्ती लोकांची प्रार्थना चालली होती. भोंग्याचा आवाज लय होतोय म्हणून मामा भांडायला गेले. आवाजावरून, आणि मामा! गेले ते शेवटच्या गाण्यापर्यंत तिथंच बसले. तिथं कुणी घर सोडून गेलेल्या लेकराची आणि त्याच्या बापाची गोष्ट सांगत होतं म्हणे. परत आले तेव्हा डोळे लाल. मला वाटलं, पिऊन आलेत.

"आप्पा, आजपून शिवी बंद. येशूनं माझं सगळं माफ केलंय."

"गावानं केलंय का तेवढं विचारा," मी म्हणालो.

पण गडी पक्का निघाला. अडले ते बैल. त्यांना शिवीशिवाय पाऊल टाकायची सवयच नव्हती. मामा तिफणीमागं उभे राहून "चला बाबांनो, प्रभू तुमच्यासंगं हाय" म्हणायचे आणि बैल खाली बसून रवंथ करायचे. ऐन पेरणीत मामा माझ्या किराणा दुकानात हजर.

"आप्पा, जरा शेताकडं येताव का? चार शिव्या हाणायच्या हायत."

"मी? अहो, मी सोमवार धरणारा माणूस."

"दुकानात गिऱ्हाईकाला देताव की. ऐकलंय मी."

आता काय बोलावं? गेलो. मी बांधावरून शिव्या देतोय, मामा कानाला उपरणं गुंडाळून तिफण हाकतायत आणि दर शिवीला म्हणतायत, "प्रभू, आप्पाला माफ कर." रान त्यांचं पेरलं, पाप माझं वाढलं.

पेरणी उरकली तशी म्हणाले, "उद्या पालमला चला संगं. लेकीची माफी मागायचीय. सगळ्यायसमोर बोललो होतो, सगळ्यायसमोरच मागतो. ती न्हाई म्हणली तर मला एकट्याला परत येववणार न्हाई."

एरवी मी चेष्टा केली असती. त्या दिवशी केली नाही, दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं.

पालमला व्याह्यांच्या ओसरीवर चार माणसं बसलेली. रत्ना पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली तसे मामा ताडकन उठले आणि गरजले, "रत्ना, माझं चुकलं! मला माफ कर!" व्याही चप्पल शोधू लागले. जावई काठीकडं धावला. पाळण्यातलं लेकरू दचकून उठलं आणि भोकाड पसरलं.

"हळू बोला की बाबा," रत्ना म्हणाली. "ऐकलंय मी."

मामांचे ओठ हालले, पण आवाज येईना. हळू बोलायचं कसं ते त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. मला त्यांची फार दया आली. मग ते इतकं बारीक बोलले की आम्हा सगळ्यांना पुढं वाकावं लागलं.

"तू गेल्यापून घरात माझाच आवाज हाय गं माय. दुसरा कुणाचाच न्हाई."

रत्नानं तांब्या खाली ठेवला. रडणारं लेकरू पाळण्यातनं उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

"धरा ह्याला," ती म्हणाली. "मी कपडे भरते."