पिल्लू अजून बुजतंय

भेदरलेल्या जिवाला आपलेसे करायचे असेल तर त्याच्याजवळ बसावे, हळू आवाजात बोलावे आणि घाई करू नये, हे तत्त्व आता सर्व सुशिक्षित घरांना मान्य झाले आहे. (ते माणसांनाही लागू करावे काय, हा प्रश्न विचाराधीन आहे.) या घराने ते मनापासून स्वीकारले, ते पार्किंगमधल्या जनरेटरमागे मांजरीचे पिल्लू सापडले तेव्हा. पिल्लू जन्माचे भटके. माणूस दिसला की फिसकारायचे.

सुनेने मांजरतज्ज्ञ बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, पिल्लाला लहान, शांत, वर्दळ नसलेली खोली द्या. पाहणीअंती अशी एकच खोली आढळली. ती आजोबांची होती. तिकडे कोणी फिरकत नसल्यामुळे ती कमालीची शांत राहिली होती आणि याचे श्रेय सर्व कुटुंबीयांना सारखेच द्यावे लागेल.

आजोबा वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले. काटा मारणाऱ्या दुकानदारांना पकडण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांच्याशी होणारा संवाद आटोपशीर असे: ‘जेवलात?’, ‘गोळी घेतली?’ आणि ‘टीव्हीचा आवाज कमी करा.’ (शेवटचे वाक्य भिंतीपलीकडून.) पण पिल्लू पलंगाखाली शिरले आणि खोलीचे दिवस पालटले. बाईंचा दंडकच होता: प्रत्येकाने रोज पाळीपाळीने जमिनीवर बसायचे, मोबाइल बाहेर ठेवायचा आणि काही ना काही बोलत राहायचे, म्हणजे पिल्लाला घरच्यांचे आवाज ओळखीचे होतील.

मुलगा पलंगाखाली तोंड करून ऑफिसातल्या कुरबुरी सांगू लागला. नातीने मैत्रिणीशी धरलेला अबोला सांगितला. सून तर एकदा आपल्या आईच्या आठवणीने रडलीसुद्धा. आजोबा पलंगावर बसून सगळे ऐकत. एकदा त्यांना राहवले नाही.

"मग तुझे साहेब काय म्हणाले?"

"काय म्हणणार? पुढच्या वर्षी बघू म्हणाले," मुलाने पलंगाखाली उत्तर दिले.

उत्तर कुठे का दिले असेना, मिळाले, एवढ्यावर आजोबा खूश होते.

पिल्लू मात्र कृतघ्न निघाले. ते चटकन माणसाळले. दुपारी घर रिकामे झाले की आजोबांच्या पोटावर चढून घुरघुरत झोपू लागले. बाईंचा पुढचा नियम आजोबांनी ऐकला होता: पिल्लू रुळले की त्याला हॉलमध्ये न्यायचे. तेव्हा ज्या माणसाने उभ्या जन्मात कोणाला गुंजभर कमी तोलू दिले नाही, तो आता स्वतः काटा मारू लागला. बाहेर पावले वाजली की आजोबा पिल्लाला अलगद पलंगाखाली सारत आणि तोंड पाडून सांगत, "अजून बुजतंय. आज तर माझ्यावरच फिसकारलं."

"असू दे. त्याच्या कलाने घेऊ," सून म्हणे. या घराची सहनशीलता खरोखर वाखाणण्याजोगी होती.

एका दुपारी नात शाळेतून लवकर आली. पिल्लू आजोबांच्या हनुवटीखाली झोपले होते आणि आजोबा त्याला साहेबांची हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. नातीच्या आनंदाला पारावार राहिला नाही. संध्याकाळपर्यंत पिल्लाचे बिऱ्हाड हॉलमध्ये हलले. आजोबांनी इतके दिवस ताकास तूर लागू दिली नाही, याचा राग कोणी धरला नाही. त्यासाठी त्यांच्याशी बोलावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंग रिकामा होता. आजोबा पलंगाखाली होते.

"बाबा, बाहेर या बरं. लोक काय म्हणतील?" मुलगा वाकून म्हणाला.

आजोबा फिसकारले.

बाईंना पुन्हा फोन गेला. "वय काय?" बाईंनी विचारले.

"अठ्ठ्याहत्तर," सून म्हणाली.

बाई म्हणाल्या, "मग अवघड आहे हो. लहानपणीच सवय लावावी लागते. खाणंपाणी ठेवत जा आणि दुरून लक्ष असू द्या."

घरच्यांना हायसे वाटले. त्यांचे आजवरचे धोरण नेमके हेच होते.

पिल्लू मजेत आहे. आपल्याही मनात मांजर पाळायचे असेल तर जरूर पाळावे. फक्त घरातली सर्वांत शांत खोली आधी हेरून ठेवावी. ती कोणाची, हे आपल्याला शोधावे लागणार नाही.