राजवाडेसाहेबांच्या नावातली दोन अक्षरं

छापील कागदावरची चूक माझ्या नजरेतून सुटत नाही, असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगत असे. नागपूरला ऑफिसात कुठलंही पत्रक छापून आलं की आधी माझ्या टेबलावर यायचं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं मी तांदळातल्या खड्यासारखं वेचून काढायचो!

छप्पन साली राज्यांची फेरमांडणी झाली आणि नागपूरच्या फायलींबरोबर आम्हालाही भोपाळला हलवलं. फायलींना कपाटं मिळाली. मला, माझ्या बायकोला, वसुधाला, आणि आईला मिळून जहांगीराबादेत एक खोली मिळाली. सरकारी क्वार्टर्स बांधून होत होती, आणि त्यांची यादी होती आमच्या नरहरराव राजवाडेसाहेबांच्या हातात.

साहेब माणूस चांगला. पण अंगानं भरभक्कम, आणि त्याबद्दल फार हळवे. त्यांच्या खुर्चीला एका कारकुनानं गमतीनं ‘पलंग’ म्हटलं. आठ दिवसांत त्याची बदली रेकॉर्डरूममध्ये!

पुढच्याच वर्षी साहेबांना बढती मिळाली. आम्ही मराठी मंडळींनी सत्कार ठरवला. निमंत्रणपत्रिकेचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

इब्राहिमपुऱ्यातल्या छापखान्यात गेलो तर पहिलीच अडचण. कंपोझिटर म्हणाला, “बाबूजी, ये ‘ळ’ हमारे यहाँ नहीं होता. ‘ल’ लगा दूँ?”

“मंडळाचं मंडल करता? अजिबात नाही!”

शेवटी आमच्या ऑफिसातला सुभाष नागपूरला गेला होता, तो रुमालात बांधून बारा ‘ळ’ घेऊन आला. प्रूफ आलं. मी प्रत्येक ‘ळ’ बोटानं चाचपून पाहिला. मंडळ, सायंकाळी, स्थळ. सगळे जागेवर! तीनदा वाचलं. सुभाषनं वाचलं. घरी वसुधानं मोठ्यानं वाचून दाखवलं.

“एकसुद्धा चूक नाही हो!” ती म्हणाली.

“असेल कशी? तपासली कोणी?” मी म्हणालो.

दीडशे पत्रिका छापल्या, वाटल्या. साहेबांची पत्रिका मी स्वतः नेऊन दिली.

सत्काराच्या आदल्या दिवशी रफीक मुन्शी माझ्या टेबलाशी आले. हे जुन्या भोपाळ रियासतीतले. सारी नोकरी उर्दूत झालेली. आता कामकाज नागरीत, म्हणून पन्नाशीत बाराखडी शिकत होते. जे दिसेल ते अक्षर अक्षर लावून वाचायचे. हातात आमची पत्रिका होती.

“शांताराम साहब, हमारे राजवाडे साहब को तो हम जानते हैं. ये दूसरे साहब कौन हैं? इनका भी जलसा है?”

“कोण दुसरे?”

त्यांनी बोट ठेवलं. “रा... व... जा... डे.”

मी हसत पत्रिका घेतली. वाचली. राजवाडे! त्यांना तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे पुन्हा बोट ठेवलं. या वेळी त्यांच्या बोटाबरोबर मी एकेक अक्षर वाचलं, आणि पायाखालची फरशी सरकली. ‘ज’च्या जागी ‘व’ आणि ‘व’च्या जागी ‘ज’! माननीय श्री. नरहरराव रावजाडे! राव... जाडे!

सुभाषला बोलावलं. त्यानं वाचलं, “राजवाडे. मग?”

“नीट वाच!”

“राजवाडे!”

चौथ्या वेळेस तो मटकन खाली बसला. “शांतारामराव, रेकॉर्डरूममध्ये खिडकीसुद्धा नाही हो.”

आता एवढं कळलं की दीडशे माणसांनी ते राजवाडेच वाचलं होतं. नाव ओळखीचं, डोळे सुरुवात आणि शेवट पाहतात, मधलं मन आपलं आपण भरून घेतं. पण साहेबांचं स्वतःचं नाव! कधी ना कधी त्यांना दिसणारच. त्यांची प्रत परत आणायलाच हवी होती.

संध्याकाळी बंगल्यावर गेलो. साहेब पत्रिका वाचत बसले होते!

“वा, शांताराम! छपाई सुरेख. ‘ळ’ कुठून मिळवलात?”

“साहेब, ती पत्रिका जरा परत...”

“का?”

काय सांगणार? तोंडाला येईल ते बोललो. “वेळ चुकली आहे. साडेसहा नाही, सहा.”

“एवढंच ना?” साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली, साडेसहा खोडून सहा केले, आणि पत्रिका खिशात! “ही आमच्या हिनं ग्वाल्हेरला बहिणीकडे पाठवायला मागितलीये.”

ठीक आहे, म्हटलं. उद्या पावणेसहालाच हॉलवर हजर राहून साहेबांना गप्पांत गुंतवू. पण दुसऱ्या दिवशी हार आणायला चौकात गेलो. हारवाल्याला साहेबांच्या मानेचा घेर हातानं दाखवला, तर तो म्हणाला, “इतने में तो दो हार लगेंगे!” आणि ओवलेला हार सोडून नव्यानं ओवायला बसला. मी तिथं ताटकळत उभा! तेवढ्यात डोक्यावर आणखी एक वीज पडली. व्यासपीठावरचा कापडी फलक! तो रंगवायला पेंटरला नमुना म्हणून मी काय दिलं होतं? पत्रिका!

हार खांद्यावर टाकून धावत सुटलो. सहा पंचवीसला शाळेचा हॉल गाठला. रिकाम्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत साहेब आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई, दोघंच बसली होती. समोर हातभर उंचीच्या तांबड्या अक्षरांत ‘रावजाडे’! पेंटरनं एक रेघही इकडची तिकडे केली नव्हती.

“शांताराम, सहाची वेळ ना?” साहेब म्हणाले.

“साहेब... आपण फलक वाचलात?”

“अर्धा तास इथं दुसरं वाचायला होतं काय? वीस मिनिटं मी राजवाडेच वाचत होतो. मग कंटाळून अक्षरं मोजायला घेतली.”

क्वार्टर गेलं, खिडकी गेली! “साहेब, चूक माझी. सुभाषची नाही, पेंटरचीही नाही. मीच तपासलं होतं. आत्ता उतरवतो.”

“कसली चूक?” मनोरमाबाईंनी विचारलं.

साहेबांनी बोट दाखवलं. “अगं, नावात बघ.”

बाईंनी चष्मा लावला. फलक वाचला. मग मान वळवून साहेबांकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं.

“बरोबर तर लिहिलंय!”

साहेबांचं पोट हलायला लागलं, आणि ते इतके हसले की बाक करकरला! डोळे पुसत म्हणाले, “राहू द्या तो फलक. बघू कुणाला दिसतं.”

दीडशे माणसं आली. तीन भाषणं झाली. एका वक्त्यानं तर फलकाकडे हात करून “हे नाव आमच्या मनावर कोरलेलं आहे” असं सांगितलं. कुणालाही काही दिसलं नाही!

क्वार्टर मला चैत्रात मिळालं, यादीतल्या माझ्या नंबराप्रमाणे. साहेबांनी मला वर सरकवलं नाही की खाली ढकललं नाही.

मनोरमाबाईंनी मात्र त्या संध्याकाळी राजवाडे वाचलं होतं की रावजाडे, ते विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही. साहेबांनाही झाली नसावी!