पारसच्या नावाचं घोडं

ऋषिकेशने मोबाईल उशीखाली दाबून ठेवला, तरी तो वाजायचा थांबेना. फोन रिसोडहून होता, सासरे भागचंद यांचा, आणि विषय महिनाभर चालला होता तोच: नातवाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग.

खरं तर नाव ठरायला पाच मिनिटंही लागली नव्हती. खुशबूने सुचवलं, पारस. तिच्या माहेरी जैन घरात पार्श्वनाथ भगवंतांचं नाव, आणि इकडे जऊळक्यात ऋषिकेशचे वडील दौलतराव यांच्या स्वर्गवासी वडिलांचं नावही पारसजीच. दौलतराव ऐकल्याबरोबर म्हणाले, "माहा बाप आला घरी. लिवा पारस." दोन्ही घरं एका नावात बसली. एवढं सोपं झालं तेव्हाच ऋषिकेशला शंका यायला हवी होती.

भागचंदजींचं रिसोडला कापडाचं दुकान. पोरीने शेतकऱ्याच्या पोराशी आपल्या मनाने लग्न केलं म्हणून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. बाळंतपणसुद्धा सासरीच झालं. पण नातवाचं नाव पारस ठेवणार हे कानावर गेलं आणि माणूस लोण्यासारखा विरघळला. स्वतः फोन केला. बारशाला येतो म्हणाले, आणि या घरात जेवेनही म्हणाले. खुशबू फोन ठेवून कितीतरी वेळ रडली. तेव्हापासून तिला एकच काळजी होती, वडील येतात तर नीट जेवून जाऊ देत. कुणाचा शब्द इकडचा तिकडे झाला तर ते पुन्हा या उंबऱ्याला पाय लावणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तर ऋषिकेश त्या स्पेलिंगपायी इतका सोसत होता. अकोल्याचे कोणीतरी आकडे पाहणारे गृहस्थ होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शेवटी दोन एस लागले तरच पोरगा पुढे जाणार होता, म्हणून भागचंदजींना दोन एस हवे होते. खुशबूचा भाऊ नमन पुण्याला कंपनीत. त्याचं म्हणणं, पी पुढे दोन ए पाहिजेत, नाहीतर बाहेरचे लोक भाच्याला 'परस' म्हणतील. आणि ऋषिकेशला काय हवं होतं? काही नको होतं बिचाऱ्याला. त्याचं स्वतःचं नाव मार्कशीटवर एच पासून, आधारवर आर-यू ने आणि बँकेत आर-आय ने सुरू व्हायचं. तिघं एकच आहेत हे सिद्ध करता करता त्याचे केस पिकायला आले होते. पोराच्या वाट्याला हे येऊ नये, साधी पाच अक्षरं लिहा, एवढंच त्याचं मागणं. ते कोण ऐकतो?

या धुमश्चक्रीत एकदा ऋषिकेशची आई सोजरबाई दारात येऊन उभी राहिली. "मी काय म्हन्तो, त्या नावाचं थोडं मले..." असं ती म्हणाली आणि ऋषिकेश तिच्यावर खेकसला, की आई, स्पेलिंगमधलं तुले काय समजते, तू आपली जाय. ती आपली गेली. नंतर तिला कोणी विचारलं नाही. विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

अखेर खुशबूनेच एक दिवस सगळ्यांना फोनवर एकत्र घेऊन निकाल दिला. नमनचे दोन ए राहतील, पापांचा, म्हणजे भागचंदजींचा, एक एस जाईल, आणि यापुढे जो बोलेल त्याला बारशाचं आमंत्रण नाही. भागचंदजींनी चांदीच्या वाटीवर आधीच दोन एस कोरून घेतले होते. ते मुकाट्याने सोनाराकडे गेले आणि एक एस घासून आले.

बारशाच्या दिवशी घरात कांदा, लसूण, आलू औषधालाही नव्हते. सोजरबाईने नवी भांडी काढून स्वतः स्वयंपाक केला होता. भागचंदजी सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही घेत नसत, म्हणून कार्यक्रम दुपारचाच ठेवलेला. पण दुपारचं बारसं दुपारी लागलंय का कधी? ऋषिकेशची बहीण वैष्णवी, म्हणजे बाळाची आत्या, तिची जीप कामरगावजवळ बंद पडली. आत्या नाही तर कानात नाव कोण सांगणार? ती पोहोचेपर्यंत उन्हं कलली. भागचंदजी तोंडाने काही बोलत नव्हते, पण दर थोड्या वेळाने अंगणात जाऊन पश्चिमेकडे पाहून येत होते.

वैष्णवी आली, बाळाच्या कानात कुर्रर्र झालं, बायकांनी तिच्या पाठीत हौसेने बुक्के घातले. आता एकच राहिलं होतं. या घरची रीत अशी, की आजीने बाळाला मांडीवर घेऊन सगळ्यांसमोर नावाने पहिली हाक मारायची आणि मगच पानं वाढायची.

सोजरबाईने बाळाला मांडीवर घेतलं. पदर डोक्यावरून पुढे ओढला. आणि गप्प बसली.

लोक थांबले. सोजरबाई काही तोंड उघडेना. दौलतरावांनी खाकरून पाहिलं. ऋषिकेश बाळाचं नाव छापून भिंतीवर लावलेल्या फ्लेक्सकडे बोट दाखवू लागला, जसं काही आई ते इंग्रजी वाचून म्हणणार होती. नमनला वाटलं उच्चार अवघड जातोय, त्याने शेजारी बसून 'पा'ला ताण कसा द्यायचा ते समजावून सांगितलं. दोन ए त्यासाठीच घेतलेत, हेही सांगितलं. सोजरबाई मान खाली घालून बसलेली.

"घे ना नाव," दौलतराव वैतागून म्हणाले. "याह्यची जेवनाची वेळ चालली. तुले काय पाटलीन म्हनून निमंतरन द्याव काय?"

"मायाच्यानं नाई होत," सोजरबाई पुटपुटली.

झालं. भागचंदजी उठून उभे राहिले. ते रागावले की आवाज चढवत नसत, उलट आणखी हळू बोलत.

"आमच्या भगवंताचं नाव तुमच्या तोंडी येत नाही, तं तसं पहिलेच सांगायचं होतं, समधीनबाई. आमी काही जबरदस्ती केली नव्हती." आणि ते चपला शोधायला दाराकडे निघाले.

ऋषिकेश त्यांच्या मागे धावला. खुशबूच्या डोळ्यांना धार लागली. दौलतराव बायकोवर ओरडू लागले, की पोराच्या सासऱ्यासमोर नाक कापलंस, तुले झालं तरी काय? सोजरबाई रडकुंडीला आली, पण काही केल्या सांगेना. सांगणार कशी? सांगायचं म्हटलं तरी तेच नाव घ्यावं लागणार होतं.

खुशबूची आई प्रेमाबाई एवढा वेळ कोपऱ्यात बसून सोजरबाईच्या पदराकडे पाहत होती. ती उठून पुढे आली.

"व्याहीजी, तुमच्या बाबूजीचं नाव काय होतं?"

"पारसजी," दौलतराव म्हणाले. "तं मंग?"

"मंग म्हन्ता? सुनेनं सासऱ्याचं नाव घेतलेलं तुमच्या घरी चालते काय? माह्या लग्नाले इतकी वर्सं झाली, मी आजबी याह्यले नमनचे पापाच म्हन्तो. महिनाभर तुमी सारे लिवाचं कसं यासाठी भांडले. हे लेकरू जिच्या मांडीवर खेळन तिनं हाक कशी मारावं, हे एकाच्याई ध्यानात नाई आलं?"

दौलतराव छताकडे पाहू लागले. सख्ख्या बापाचं नाव, आणि उभ्या संसारात बायकोच्या तोंडून ते कधी ऐकलं नाही हे त्या शहाण्याला आज कळत होतं. ऋषिकेशला दारात आलेल्या आईवर खेकसला होता तो दिवस आठवला आणि त्याचे कान गरम झाले. भागचंदजी एक चप्पल पायात घालून तसेच उभे होते. मग त्यांनी ती हळूच काढली.

"म्हंजे नाव मोठं हाये म्हनून घेत नाई," ते स्वतःशीच म्हणाले. परत येऊन जागेवर बसले आणि बाहेरच्या उन्हाकडे पाहत त्यांनी हात जोडले. "समधीनबाई, तुमाले जसं जमन तशी हाक मारा. पन मारा लवकर."

सोजरबाईने डोळे पुसले. पदर आणखी थोडा ओढला. मांडीवरच्या त्या मूठभर जिवाकडे भीत भीत पाहिलं आणि ज्या नावाने ती सासऱ्याला आयुष्यभर हाक मारत आली तेच नाव घेतलं.

"मामाजी."

बाळाने भलीमोठी जांभई दिली. बायका हसून लोटपोट झाल्या, पानं धडाधड मांडली गेली, आणि भागचंदजी सूर्य बुडायच्या आत पोटभर जेवले. वर कढी मागून घेतली. खुशबू वाढताना हसत होती आणि रडतही होती.

तेव्हापासून त्या पोराला घरात कोणी पारस म्हणत नाही. दौलतराव मामाजी म्हणतात, शेजारीपाजारी मामाजी म्हणतात. परवा भागचंदजींनी फोनवर "मामाजी झोपले काय?" असं विचारलं तेव्हा ऋषिकेशने कपाळावर हात मारून घेतला. दोन ए आणि एक एस जन्मदाखल्यावर धूळ खात पडले आहेत.

एक गोष्ट मात्र खुशबूला अजून उमगत नाही. परवा सकाळी पाळण्यात पोराने रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून ती हातातलं पीठ तसंच टाकून धावली. सोजरबाई पाळण्याशेजारीच चहाची बशी घेऊन बसली होती. तिने सुनेला हाताने अडवलं.

"राहू दे. उभी जवानी या मामाजीच्या एका हाकेवर उठली मी. कधी गरम चहा पोटात गेला नाई."

तिने सावकाश, फुंकर घालत, बशीतला चहा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. बशी खाली ठेवली. मग पदर डोक्यावर घेतला आणि पाळण्याकडे वळून अगदी आदबीने म्हणाली, "आली जी, मामाजी."